परमुलखात रात्री दुखणे आले तर

धानाची मळणी उरकली की गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांतून माणसे मिरची तोडायला निघतात. पिकअप गाडीत भांडीकुंडी, अंथरुणे, तांदळाचे पोते आणि मांडीवर लेकरे. सिरोंचाजवळ गोदावरीवरचा पूल ओलांडला की तेलंगण लागते. पुढे भूपालपल्ली, मुलुगू, वारंगळ, खम्मम. मुक्काम बहुधा शेतातच, ताडपत्रीच्या पालात. होळीच्या मागेपुढे परत यायचे, तेव्हा हातात थोडे पैसे आणि घरी वापरायला मिरची.

नकाशावर हा आपलाच देश आहे. पण भामरागड किंवा एटापल्लीच्या माडिया बाईसाठी खम्ममकडचे शिवार म्हणजे परमुलूखच. पाट्या वाचता येत नाहीत, बोली कळत नाही, दवाखाना कोणत्या दिशेला आहे ते ठाऊक नाही. दिवसा हे कसेबसे निभावते. मुकादम असतो, शेतमालक असतो, गावात एखादे मेडिकल उघडे असते. रात्री अकरा वाजता लेकराला झटके येऊ लागले की यातले काहीच हाताशी राहत नाही.

आपल्यातल्या कोणाचा मुलगा शिकायला जर्मनीला निघाला तर महिनाभर आधी तयारी सुरू होते. विमा काढतो, औषधांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घेतो, तिथला आणीबाणीचा नंबर भिंतीवर चिकटवतो. जंगलातून मिरचीला जाणारे कुटुंब त्याच्याइतकेच परक्या ठिकाणी जात असते आणि त्याच्याहून जास्त धोक्याचे काम करत असते. त्याच्यासाठी ही तयारी कोणी करत नाही. रात्रीची मदत बहुतेक ठिकाणी कमी-अधिक असते, पण नवख्या माणसापर्यंत तिचा पत्ता पोचलेला नसतो. तो पोचवण्याचे काम त्या माणसाचे नाही. त्याला नेणाऱ्याचे आहे, आणि आमच्या आरोग्य यंत्रणेचे आहे.

आधी हाताशी असलेल्या गोष्टींबद्दल. १०८ ही रुग्णवाहिका सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली आणि तिथून देशभर पसरली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी आली. त्यांतल्या २३३ अतिगंभीर रुग्णांसाठीच्या साधनांच्या, ७०४ मूलभूत उपचारांच्या. फोनला पैसे लागत नाहीत, गाडीलाही लागत नाहीत. तेलंगण आणि छत्तीसगडमध्येही नंबर हाच आहे. त्यामुळे परराज्यात गेलेल्या आपल्या माणसाला नवीन काही पाठ करायची गरज नाही, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. अनेकांची समजूत अशी की १०८ ही 'आपल्या गावची गाडी' आहे, ती तिकडे कशी येणार!

बाळंतपण आणि तान्ह्या बाळासाठी १०२. महाराष्ट्रात आरोग्याचा सल्ला हवा असेल तर १०४. पोलीस, आग, काहीही असो आणि काहीच सुचत नसेल तर ११२.

नंबर लागला तरी गाडी पोचतेच असे नाही, आणि अडचण पुष्कळदा एका साध्या प्रश्नावर येते. महाराष्ट्रातून १०८ लावला की फोन पुण्यातल्या केंद्रात उचलला जातो. समोरचा माणूस विचारतो, 'कुठून बोलता?' इकडून उत्तर येते, 'शाळेजवळून.' 'कोणती शाळा?' 'आमच्या गावची.' हसण्यासारखे आहे, पण घाबरलेला माणूस असेच बोलतो. पुण्यात बसलेल्याला आपला पिंपळ आणि आपली पाणंद माहीत नसते. म्हणून क्रम उलटा धरावा: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग खूण. एकाच नावाची दोन-तीन गावे आपल्याकडे सर्रास असतात. तालुका सांगितला नाही तर गाडी भलतीकडे जाते. खूण म्हणून रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड, विजेच्या खांबावरचा नंबर, आश्रमशाळेचे किंवा उपकेंद्राचे नाव. पालात राहणाऱ्याने शेतमालकाचे नाव आणि गाव. गाडी शिवारात शिरणार नसेल तर रुग्णाला डांबरी रस्त्यापर्यंत कोण आणि कशावर आणणार हे त्याच फोनवर ठरवून घ्यावे, आणि एकाने बॅटरी घेऊन रस्त्यावर उभे राहावे.

सीमेवर आणखी एक घोळ होतो. सिरोंचा तालुक्यात नदीकाठी उभे राहिले की मोबाईल पलीकडच्या टॉवरला लागतो, आणि मग १०८ तेलंगणच्या केंद्रात लागू शकतो. तेलुगू ऐकू आले की आपला माणूस 'राँग नंबर' समजून फोन ठेवतो. ठेवू नये. 'महाराष्ट्र, सिरोंचा' एवढे दोन शब्द बोलावेत, हिंदीत बोलणारा मागावा. सिरोंचाहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय २०० किलोमीटरहून लांब आहे. वारंगळ आणि मंचेरियल त्यापेक्षा जवळ. त्या भागातल्या लोकांनी उपचारासाठी पूल ओलांडणे यात गैर काही नाही. दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी मात्र हे मान्य करून आपसात निरोपाची सोय करायला हवी. आज ती रुग्णाच्या नातेवाइकाच्या मोबाईलवर चालते.

आता दुखण्याकडे येऊ. सगळेच दुखणे रात्री पळापळ करण्याजोगे नसते. साधी सर्दी, अंगदुखी, खाज, एक-दोनदा झालेली जुलाब सकाळपर्यंत थांबू शकते. जे थांबू शकत नाही ते ओळखणे महत्त्वाचे, आणि आपल्या भागातून गेलेल्या माणसाच्या बाबतीत त्यात पहिला क्रमांक तापाचा.

महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा वाटा एकट्या गडचिरोलीत असतो, आणि त्यात फॅल्सिपेरम हा मेंदूपर्यंत जाणारा प्रकार पुष्कळ. डास चावल्यापासून या मलेरियाचा ताप यायला साधारण दीड-दोन आठवडे लागतात. म्हणजे चावा घरचा आणि ताप परमुलखातला, असे सहज होते. तिथला डॉक्टर त्याच्या भागातल्या आजारांचा विचार करतो. समोरचा माणूस कुठल्या जंगलातून आला आहे हे त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून ताप घेऊन दवाखान्यात शिरताना पहिले वाक्य हेच असावे: 'गडचिरोलीहून आलो, मलेरियाचं रक्त तपासा.' तपासणीच्या पट्टीवर १५-२० मिनिटांत निकाल मिळतो. तापासोबत गुंगी, झटके, बडबड, धाप, काळपट लघवी, किंवा लेकरू दूधच घेत नाही, असे काही असेल तर सकाळची वाट पाहू नये. असे लेकरू एका रात्रीत बेशुद्ध होऊ शकते. तापाची गोळी देऊन, ओले फडके ठेवून थांबणे हे अशा वेळी सगळ्यात महाग पडते.

दुसरा साप. मिरचीच्या मोसमात तो कमी दिसतो, तेंदूपत्ता आणि पावसाळ्यात जास्त. तेंदूच्या फळीवर बाहेरगावचे मजूर उघड्यावर, जमिनीवर झोपतात आणि मण्यार रात्रीच निघतो. त्याचे दात इतके बारीक की पुष्कळदा खूणच दिसत नाही. माणूस पहाटे पोटात दुखते, मळमळते म्हणून उठतो. सोबतचे गॅस समजून ओवा देतात. मग पापण्या खाली येतात, बोबडी वळते, घोट गिळता येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या एवढे दिसले तरी सर्पदंश समजून निघावे. दोरी बांधू नये, ब्लेड मारू नये, साप शोधत बसू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता, रुग्णाला चालू न देता न्यावे. वांती होत असेल तर कुशीवर झोपवावे. श्वास मंदावलेल्या रुग्णाचा श्वास पिशवी दाबून हातानेही तासन् तास चालवता येतो. असे रुग्ण पुढे चालत घरी जातात. पण त्यासाठी श्वास बंद पडण्याआधी ते आमच्यापर्यंत यायला हवेत. गावात पुजाऱ्याकडे आधी नेण्याची रीत आहे. मी पुजाऱ्यांशी भांडत नाही, त्यांतले कित्येक जण आता स्वतःच रुग्णाला दवाखान्यात पाठवतात. परमुलखात तर पुजारीही ओळखीचा नसतो.

तिसरे फवारणीचे विष. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेले मृत्यू आपण विसरलेलो नसू. मिरचीवरही कीटकनाशके भरपूर मारली जातात. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर अशी लक्षणे दिसली की कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि निघावे. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नये. औषधाचा डबा सोबत न्यावा. डबा तेलुगूत छापलेला असला तरी त्यावरच्या रसायनाच्या नावावरून डॉक्टर उपचार ठरवतो. शंभर प्रश्नांचे उत्तर त्या डब्यावर असते.

आणि सिकलसेल. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तो घरोघरी ऐकू येणारा शब्द आहे, पण सगळीकडे तसे नाही. रात्री हाडे ठणकून तळमळणारा तरुण मुलगा पाहून अनोळखी डॉक्टर बुचकळ्यात पडू शकतो, कधी दारूचाही संशय घेतो. सिकलसेलचे कार्ड कपड्यांच्या बोचक्यात ठेवू नये, खिशात ठेवावे. छातीत दुखून धाप लागली किंवा ताप आला तर सिकलसेलच्या रुग्णाने रात्र काढू नये.

भाषेसाठी फार काही लागत नाही. तेलुगूत साप म्हणजे पामु, ताप म्हणजे ज्वरम, दुखणे म्हणजे नोप्पी. बोटाने जागा दाखवून 'नोप्पी' म्हटले तरी नर्सला कळते. हे तीन शब्द जाणाऱ्या प्रत्येकाला आशाताईने शिकवावेत.

रात्री दार ठोठावल्यावर 'इथे नाही, पुढे जा' असे ऐकू आले तर? इथे कायदा स्पष्ट आहे आणि तो लोकांना माहीत असायला हवा. १९९२ साली बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी कोलकात्याच्या खासगी रुग्णालयात १७,००० रुपये मोजून उपचार झाले. शेतमजुरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणे हा घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि २५,००० रुपयांची भरपाई दिली. त्याआधी १९८९ मध्ये याच न्यायालयाने जीव वाचवण्याची जबाबदारी सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांवर टाकली होती; पोलिसांची कागदपत्रे नंतर. आधार कार्ड, रेशन कार्ड, 'तुम्ही कोणत्या राज्याचे' हे प्रश्न उपचारानंतरचे आहेत. आयुष्मान कार्ड असेल तर योजनेत सामील असलेल्या इतर राज्यांतही ते चालते, पण ते सापडेपर्यंत रुग्णाला पालात ठेवू नये.

त्या १९९६ च्या निकालात आणखी एक गोष्ट आहे, तिची चर्चा कमी होते. कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे एका ठिकाणी कळेल आणि रुग्ण थेट तिथेच जाईल अशी संपर्क यंत्रणा असावी, असे न्यायालयाने सुचवले होते. नवख्या माणसाला नेमके तेच हवे असते. त्याला पाच दवाखान्यांची यादी नको असते. आज रात्री कुठे जायचे ते एक ठिकाण हवे असते.

हा प्रश्न जाणाऱ्यांचाच आहे असे नाही. चंद्रपूरच्या कोळसा खाणी, वीज केंद्र, कोरपना-गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, आता गडचिरोलीतले लोहखनिजाचे काम यांसाठी बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, छत्तीसगडमधून माणसे येतात. त्यांच्यासाठी परमुलूख म्हणजे आपण. कंपनीच्या पक्क्या कामगाराला कंपनीचा दवाखाना असतो, कंत्राटदाराच्या माणसाला पुष्कळदा नसतो. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि नवीन आलेल्या शरीराला त्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. कामाचे पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. दिवसभर उन्हात राबलेला माणूस संध्याकाळी खोलीवर बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो ताप नव्हे, उष्माघात आहे. गाडी यायच्या आधीच त्याच्यावर पाणी ओतावे आणि वारा घालावा; शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. खोलीतले चौघेही कालच आलेले असतील तर जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय कुठे आहे हे त्यांना कोणी सांगायचे? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली झालेल्या कायद्यात कंत्राटदाराने मजुरांना मोफत वैद्यकीय सोय द्यावी, आणि गंभीर अपघात झाला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि घरच्यांना कळवावे असे स्पष्ट लिहिले होते. पुढे तो २०२० च्या कामगार संहितेत सामावला. कागदावर चाळीसहून अधिक वर्षे झाली. मिरचीच्या मुकादमाला आजवर कोणी याबद्दल विचारले असेल असे मला वाटत नाही.

उशिरा लागणाऱ्या औषधांचे काय? तालुक्याच्या गावात नऊ-साडेनऊला मेडिकलची शटर पडतात. रुग्णालयात तातडीची इंजेक्शने असतात. पण दम्याचा पंप संपलेला, इन्सुलिनची बाटली फुटलेली, फिटच्या गोळ्या घरी राहिलेल्या, अशा माणसाला रात्र अवघड जाते. जर्मनीत यावर जुना तोडगा आहे. औषध दुकाने पाळीपाळीने रात्र जागवतात आणि प्रत्येक बंद दुकानाच्या दारावर आज कोणते उघडे आहे त्याचा कागद असतो. घंटी वाजवायची, खिडकीतून औषध मिळते, रात्रीचे म्हणून २.५० युरो जादा. जीव धोक्यात नसेल पण सकाळपर्यंत थांबवत नसेल तर डॉक्टरसाठी तिथे ११६११७ हा वेगळा नंबर आहे, जिवावर बेतले तर ११२. ब्रिटनमध्ये हेच काम १११ आणि ९९९ करतात. अमेरिकेत ९११ लावून आपल्या भाषेचे नाव घेतले तर बहुतेक ठिकाणी फोनवर दुभाषी जोडून देतात. रुग्णवाहिकेचे बिल मात्र मागून येते आणि ते मोठे असते. ज्यांची मुले तिकडे आहेत आणि जे नातवंडांसाठी सहा महिने जाऊन राहतात, त्यांनी हे नंबर आणि तीन महिने पुरतील एवढी तरी औषधे चिठ्ठीसह सोबत ठेवावीत. रक्तदाबाची गोळी तिथे दुकानात जाऊन मागून मिळत नाही.

जर्मनीचा पैसा आपल्याकडे नाही. पण दारावर कागद चिकटवायला पैसा लागत नाही. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने दुकान रात्रभर उघडे ठेवायला मुभा दिली आहे. औषध विक्रेत्यांच्या तालुका संघटनेने आठवड्याची पाळी लावली, एकाने रात्री फोन उचलायचे कबूल केले आणि ते नाव प्रत्येक शटरवर, बसस्थानकावर, ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकावर लावले तर अहेरी, राजुरा, गोंडपिपरीत हे उद्या सुरू होऊ शकते. कागद मराठी, हिंदी, तेलुगू तिन्ही भाषांत असावा, चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगालीतही.

आरोग्य खात्यासाठी काम याहून थोडे मोठे आहे. १०८ च्या केंद्रात गोंडी आणि माडिया बोलणारी चार-दोन माणसे प्रत्येक पाळीत हवीत. आश्रमशाळेत शिकलेली, काम शोधणारी मुले-मुली आपल्याकडे आहेत. गावातून मिरचीची गाडी निघते तेव्हा आशाताईला ते आदल्या दिवशीच माहीत असते. किती माणसे, किती लेकरे, कोण गरोदर, कोणाला सिकलसेल, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या मंडलात, एवढी यादी तिने केली आणि ती पलीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोनवर पोचली, तर तिथल्या डॉक्टरला रात्री दारात उभे राहिलेले कुटुंब अनोळखी राहणार नाही. मुकादमाच्या खिशात त्या केंद्राचा नंबर असल्याशिवाय गाडी हलू नये, हे ग्रामसभा ठरवू शकते. तेंदूचे दर ठरवणाऱ्या आपल्या ग्रामसभांना हे जड नाही.

होळीच्या सुमाराला गाड्या परत येतील, तेव्हा उतरणाऱ्यांपैकी ज्याला ताप आहे किंवा येऊन गेला त्याचे रक्त त्याच दिवशी गावात तपासावे. तिकडे सुरू केलेल्या मलेरियाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडलेल्या असतात. पाकीट मागावे, उरलेल्या गोळ्या मोजाव्यात आणि डॉक्टरला विचारून उपचार पुरा करून घ्यावा.